जखमेची जागा

१

लवू परब बुधवारी संध्याकाळी लालबागहून परळच्या एका इस्पितळापर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेला, दाराशी बसला आणि तिथेच आडवा झाला. शुद्धीवर न येता शुक्रवारी पहाटे तो मेला. डाव्या कानाच्या वर, केसांच्या कडेला जखम होती. रक्त थोडं, मार आतला. शनिवारी पोलिसांनी करी रोडच्या चाळीतून जगदीश गमरेला उचललं. आधीच्या रविवारी मारुतीच्या देवळाबाहेर दोघांची जुंपली होती आणि ती शंभर माणसांनी ऐकली होती. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी गिरगावात अच्युतराव त्रिलोकेकरांच्या दारावर थाप पडली.

अच्युतराव एकसष्ट वर्षांचे, कोर्टातले निवृत्त भाषांतरकार. पाठारे प्रभूंचं जुनं घर, चार पिढ्या कारकुनीत गेलेल्या. तीस वर्षांत आपल्या एकाही कागदावर कुठल्या वकिलाला हरकत घेता आली नाही, हा त्यांचा एकुलता एक गर्व होता. निवृत्तीनंतरही पोलिसांचे मराठी कागद कोर्टासाठी इंग्रजीत करायला त्यांच्याकडे येत. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती. हातात कागदांचं भेंडोळं.

"त्रिलोकेकर तुम्हीच ना?"

"काम काय?"

"हे तुम्ही लिहिलंय?" तिने एक कागद पुढे धरला. खाली त्यांची सही होती आणि 'खरे भाषांतर' असा शेरा.

"मी लिहिलेलं नाही. मी भाषांतर केलंय. दोन्हींत फरक आहे."

"माझ्या पोराला फासावर चढवायला तेवढा फरक आड येतोय का?"

ती जगदीशची आई, जाईबाई. अच्युतरावांनी तिला आत बोलावलं नाही, आणि तीही उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलत राहिली.

"गेल्या वर्षी आम्ही धम्म घेतला. घरातले देव पोत्यात भरून शिवडीच्या खाडीत सोडले. तेव्हापासून आमच्यातलं कुणी त्या देवळाकडे फिरकत नाही. आधी तुम्ही चढू देत नव्हता, आता आम्ही चढत नाही. आणि या कागदात म्हणे, माझ्या जगदीशनं त्या देवळात लवूचं डोकं फोडलं."

"रविवारी भांडण झालंच होतं की."

"देवळात नाही. बाहेरच्या नळावर. लवूनं माझी कळशी लाथेनं उडवली. म्हणाला, 'देव सोडलात ना? मग देवाचा नळही सोडा.' जगदीश म्हणाला, 'याच देवळाच्या पायरीवर तुझं डोकं आपटीन.' बोलला तो. मी नाही म्हणत नाही."

"मग?"

"मग वकील हात झटकतो. म्हणतो, डॉक्टरचाच कागद सांगतोय देवळात मारलं म्हणून. डॉक्टर कशाला खोटं लिहील?"

तिला वाटेला लावण्यासाठी अच्युतरावांनी भेंडोळं हातात घेतलं. त्यांच्याकडे कामाला आली होती ती फक्त पोलीस डायरी. इस्पितळाच्या मूळ चिठ्ठीची नक्कल ते आज पहिल्यांदा पाहत होते. डॉक्टरचं घाईचं इंग्रजी. 'साइट ऑफ इंज्युरी: टेंपल', आणि पुढे कंसात एक अक्षर, 'एल'. त्याखाली एक ओळ: जखमेलगत सारख्या अंतरावर सुईने टोचल्यासारखे पाच ठिपके.

त्यांनी पोलीस डायरीची नक्कल काढली. हवालदाराने त्या चिठ्ठीवरून मराठीत उतरवलं होतं: 'जखमेची जागा: देऊळ, लालबाग.' आणि अच्युतरावांनी त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी केलं होतं. देऊळ म्हणजे टेंपल.

ते मागच्या खाटेवर टेकले.

"काय झालं?" जाईबाईंनी विचारलं.

"इंग्रजीत टेंपल म्हणजे देऊळ. आणि टेंपल म्हणजे हे." त्यांनी स्वतःच्या कानाच्या वर बोट ठेवलं. "कानशील. डॉक्टरनं लिहिलं, जखम डाव्या कानशिलाला. 'एल' म्हणजे लेफ्ट, डावं. हवालदार 'एल'चं लालबाग समजला. मी त्याच्या देवळाचं परत टेंपल केलं. मूळ कागदातही टेंपल, माझ्या कागदातही टेंपल. शब्दाला शब्द जुळला. मग वकील काय आणि मॅजिस्ट्रेट काय, कुणाला शंका येणार?"

जाईबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार नव्हते.

"म्हणजे देवळात काही झालंच नाही?"

"डॉक्टर तसं म्हणत नाही."

"पण लवू तसं म्हणाला."

"कोण?"

"लवू. इस्पितळात जायच्या आधी बायकोला म्हणाला, सगळी चाळ सांगतेय. काय लागलं विचारलं तर एकच शब्द बोलला. टेंपल."

अच्युतरावांच्या हातातला कागद तसाच राहिला. डॉक्टरला इंग्रजी येत होतं. लवू परबला कुठलं?

२

लालबागच्या चाळीत लवूच्या खोलीबाहेर माणसं बसली होती. अच्युतरावांचा कोट आणि काळी टोपी बघून वाट मिळाली, पण कशासाठी आले ते कळल्यावर चेहरे आवळले. भिंतीवर 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं गेरूने लिहिलेलं होतं. त्या मोर्च्यांत लवू आणि जगदीश एकाच फळीत चालले होते म्हणे. नळावर मात्र फळी मोडायची.

लवूची बायको कांता लग्न होऊन कणकवलीकडून आली त्याला वर्षही झालं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"तुमी त्या बायच्या बाजूचे?" तिने विचारलं.

"मी कुणाच्या बाजूचा नाही. तुमच्या नवऱ्यानं कुठला शब्द उच्चारला, तेवढं मला हवंय."

"माजो घोव मेलो, आणि तुमी माका शब्द विचारतास?"

दारातल्या एकाने "उठा आता" असं म्हटलं. अच्युतराव उठले नाहीत. कांतेने डोळे पुसले आणि बोलायला लागली, ते बहुधा त्यांना लवकर घालवण्यासाठीच.

लवू पहिल्या पाळीला होता. साडेतीनला गिरणी सुटली, सव्वाचारला तो घरी आला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं. जेवला नाही. डोकं फुटतंय म्हणाला. काय लागलं म्हणून तिने विचारलं तर "टेंपल" एवढंच बोलला, आणि "बघतंय एकेकाक" असं स्वतःशी पुटपुटत इस्पितळात जायला निघाला. ती येते म्हणाली तर ओरडला.

"टेंपल म्हणजे काय, ते तुम्हांला कळलं?"

"माका इंग्रजी येता काय? हवालदारान सांगल्यान, टेंपल म्हणजे देवूळ."

"हवालदार आले तेव्हा इथे आणखी कोण होतं?"

"दळवीमामा होते."

रमाकांत दळवी. अच्युतरावांना नाव ठाऊक होतं, कारण त्याची जबानी त्यांनीच इंग्रजीत केली होती. देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष, लवूच्याच गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातल्या कामगारांचा मुकादम. बुधवारी चार वाजता आपण गॅलरीतून पाहिलं, जगदीश गमरेने देवळात लवूच्या डोक्यात दगड घातला, असं त्याने सांगितलं होतं. जगदीश त्या वेळी पाळीवरून एकटाच घरी येत होता. साक्षीला कुणी नव्हतं.

"दळवी हवालदाराबरोबरच आले?"

"नाय. बुधवारीच इलेले, सांजचे. इस्पितळातसून निरोप इलो तेच्याच मागोमाग. माका विचारल्यानी, काय बोललो काय तो?"

"आधी हे विचारलं? कसा आहे, ते नाही?"

कांतेने मान वर केली. तिला हे आत्ताच ऐकू आल्यासारखं वाटलं.

"मी सांगलंय, तो टेंपल म्हणालो. दुसऱ्या दिशी हवालदारान अर्थ सांगल्यान, तेव्हा दळवीमामा म्हणाले, होय, देवूळच."

"आणि 'बघतंय एकेकाक' म्हणजे कुणाला?"

"हरताळाच्या वक्ताक तेंच्या खात्यातली पाच माणसां कामावरसून काढली. तेंची नावां साहेबाक कोणी दिली, ता आपणाक कळला म्हणान माजो घोव सांगा होतो. नाव माका सांगूक नाय."

"म्हातारबा," दारातला माणूस आत येऊन उभा राहिला, "आता उठता की उचलू?"

जिना उतरताना अच्युतरावांच्या पाठीवर कुणीतरी पाणी फेकलं. ते स्वच्छ होतं की उष्टं, हे त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. लवू जन्मभर 'देवळात जातो' म्हणत आला. डोकं फुटल्यावर त्याला देवळाचं इंग्रजी कसं आठवलं?

३

वकिलाच्या चिठ्ठीवर तुरुंगात पंधरा मिनिटांची भेट मिळाली. जगदीश चोवीस-पंचवीस वर्षांचा, रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला. त्याच्या ओठाला सूज होती.

"तुम्हीच ते भाषांतरवाले," तो म्हणाला. "आईनं निरोप पाठवला. चुकीच्या माणसाला धरायला तुमचा शब्द कामाला आला म्हणे."

"माझी चूक झाली."

"तुमची चूक झाली की तुम्ही पुढचा कागद घेता. माझी चूक झालेली नसताना मी इथे आहे."

अच्युतरावांनी ते ऐकून घेतलं. मग लवूचा शब्द सांगितला.

"लवूला इंग्रजी येत होतं का?"

"लवूला? सही करताना जीभ बाहेर यायची त्याची."

"मग तो टेंपल का म्हणाला?"

जगदीशने खांदे उडवले. मग त्यानेच विचारलं, "ट्रॅव्हलर म्हणजे काय, सांगा."

"प्रवासी."

"आमच्या रिंग खात्यात ट्रॅव्हलर म्हणजे रिंगवर फिरणारी इवलीशी कडी, तिच्यातनं सूत जातं. म्यूल म्हणजे?"

"खेचर."

"जुन्या लोकांना विचारा. सूत काढायचं यंत्र. गिरणीत अर्धे शब्द इंग्रजीच आहेत, साहेब. अंगठा उठवणारा माणूससुद्धा दिवसभर तेच बोलतो. फक्त तुमच्या पुस्तकातला अर्थ त्यांना नसतो." तो गजांजवळ आला. "लवू टेंपल म्हणाला असेल तर ते त्याच्या खात्यातलं काहीतरी असणार. तो साचेवाला होता. मागावर."

"टेंपल म्हणजे काय असतं मागावर?"

"मला काय माहीत?"

"नऊ वर्षं त्याच गिरणीत काम करतोस."

जगदीश हसला, आणि सुजलेला ओठ उलला. "साचा खात्यात आम्हांला घेत नाहीत. धोट्यातलं सूत तोंडानं ओढून काढावं लागतं. एकाच्या तोंडचा धोटा दुसरा तोंडाला लावतो. आमचं तोंड लागलेला धोटा कोण लावील? त्या खात्याच्या दारातनं आत पाऊल टाकलं तर हाकलतात. मोर्च्यात लवूच्या शेजारी चाललोय मी. त्याचा माग कसला दिसतो, ते कधी पाहिलेलं नाही."

भेट संपल्याची शिट्टी झाली. जगदीश वळला आणि पुन्हा थांबला.

"तुम्ही तिथं जाऊ शकाल," तो म्हणाला. "तुम्हांला कोण अडवणार?"

४

साचा खात्याचा असिस्टंट मास्तर शरच्चंद्र आजगावकर टेक्स्टाइलचा डिप्लोमा घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला तरुण माणूस. ऑफिसच्या काचेबाहेर शेकडो माग एकदम आपटत होते आणि आजगावकराला ओरडून बोलावं लागत होतं.

"पोलिसांनी विचारलं नाही ते तुम्ही विचारायला आलात? कोणत्या अधिकारात?"

"कोणत्याच नाही. मला टेंपल दाखवा. मग मी जातो."

आजगावकराने त्यांना वेड्यात काढल्यासारखं पाहिलं, खण उघडला आणि वीतभर लांबीची एक लोखंडी वस्तू टेबलावर टाकली. एका टोकाला जाडसर रूळ, त्याच्यावर पितळी कड्या आणि कड्यांवर बारीक खिळ्यांच्या ओळी.

"कापड विणताना आत ओढलं जातं. दोन्ही काठांना एकेक टेंपल काठ धरून ठेवतो. झालं समाधान?"

अच्युतरावांनी ती उचलली. हाताला चांगलीच जड होती. त्यांनी तो रूळ तळहातावर दाबला. कातडीवर सारख्या अंतराचे पाच लाल ठिपके उमटले.

आजगावकराने ते पाहिलं. त्याने उठून ऑफिसचं दार लावून घेतलं.

"लवूच्या कानशिलाला असेच पाच होते," अच्युतराव म्हणाले. "डॉक्टरनं मोजून लिहिलेत."

"मग अपघात असेल. माग चालू असताना वाकला असेल."

"चालू मागावर टेंपल सुटा होऊन कानाच्या वर बसतो?"

आजगावकराने टेंपल परत खणात टाकला.

"लवूचा माग कुठला?"

"एकशे चौदा."

"त्या बुधवारचं कापड?"

"आठ दिवस होऊन गेले. घडी खात्यातून गेलं असेल." पण तो स्वतःच अडखळला. "थांबा. एकशे चौदाचा एक तागा खराब म्हणून बाजूला टाकलाय. काठ ओढलेला."

तागा आणून टेबलावर उलगडला. आजगावकर बोटाने डावा काठ चाचपत गेला. खिळ्यांच्या टोचांची बारीक, दाट ओळ बरीच लांब सरळ जात होती. मग एकदम ती नाहीशी झाली आणि हातभर कापडाचा डावा काठ आत ओढला गेला होता. पुढे काठ पुन्हा सरळ, पण आता टोचा विरळ आणि मोठ्या होत्या.

"दुसरा टेंपल," आजगावकर हळूच म्हणाला. "डावा. जुन्यातला कुठलातरी लावलाय. मधे हातभर माग तसाच चालला."

"हे कधीचं?"

तागा विणणाऱ्याची खूण आणि त्या बुधवारची तारीख काठावर होती. टोचा जिथे संपत होत्या तिथेच पाळी बदलल्याचीही रेघ होती. साडेतीन वाजता लवूचं काम संपलं, दुसऱ्या पाळीच्या बदली कामगाराने माग सुरू केला, आणि तेव्हा डावा टेंपल जागेवर नव्हता.

"साचेवाला टेंपल काढतो?"

"नाही. ते जॉबरचं काम."

"एकशे चौदाचा जॉबर कोण?"

आजगावकराने तागा गुंडाळायला घेतला. "मला या भानगडीत ओढू नका. मालक मला उद्या घरी बसवतील."

"हरताळात पाच जणांना घरी बसवलं. साचा खात्यातली नावं देणारा साचा खात्यातलाच असणार, नाही का?"

"नावं माझ्यापर्यंत आली नाहीत. वर गेली. परस्पर." तो काचेबाहेर पाहत होता. दोन रांगांच्या मधून एक धिप्पाड माणूस चालला होता, खाकी अर्धी चड्डी, कमरेला पाने अडकवलेला पट्टा. बदली कामगार त्याला वाट देत होते. चालता चालता त्या माणसाने मान वळवली, काचेतून आत पाहिलं, आणि टेबलावरच्या ताग्यावर त्याची नजर थांबली.

"दळवी," आजगावकर म्हणाला. "त्यानं आपल्याला पाहिलं."

५

"म्हणजे तुमचं म्हणणं, माझा हवालदार गाढव आहे," फौजदार तावडे म्हणाले.

"माझं म्हणणं आधी माझ्याबद्दल आहे." अच्युतरावांनी टेबलावर एक लेखी कबुली ठेवली. आपलं भाषांतर आपण मागे घेत आहोत, ते कशावर उभं होतं आणि का चुकलं, असं सगळं. खाली सही. तीस वर्षांच्या नोकरीत असा कागद त्यांनी कधी लिहिला नव्हता. "एक प्रत कोर्टात गेली आहे. आता देऊळ म्हणायला तुमच्याकडे डॉक्टर उरला नाही. फक्त दळवी उरलाय."

"दळवी प्रतिष्ठित माणूस आहे."

"त्याला बोलवा. त्याची जबानी मला पुन्हा ताडून पाहायची आहे, एवढंच सांगा."

तावड्यांना म्हातारा आवडला नव्हता. पण कोर्टात गेलेली प्रत त्याहून आवडली नव्हती. संध्याकाळी सहाला दळवी आला. खोलीत आजगावकर कोपऱ्यात बसला होता, त्याला अच्युतरावांनी कसंबसं यायला भाग पाडलं होतं. बाहेरच्या बाकावर जाईबाई होत्या आणि दुसऱ्या टोकाला कांता. दोघींनी एकमेकींकडे पाठ केली होती.

"पुन्हा कशाला?" दळवी म्हणाला. "महारड्यानं मारलं ते मारलं. या भटाबामणांना—"

"मी बामण नाही," अच्युतराव म्हणाले. "जबानी वाचतो. चूक असेल तिथे सांगा. 'मी बुधवारी चार वाजता गॅलरीत उभा होतो.'"

"होय."

"'जगदीश गमरे देवळात लवू परबच्या मागून आला.'"

"होय."

"'त्यानं दगड डाव्या बाजूला मारला.'"

"होय. शंभरदा सांगू काय?"

अच्युतरावांनी कागद खाली ठेवला. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं. त्याचा जड आवाज झाला.

"दळवी, टेंपल सापडलं."

"कुठं?" दळवी म्हणाला.

तावडे काहीतरी लिहीत होते. त्यांनी मान वर केली.

दळवीला आपण बोललो ते आता ऐकू आलं. त्याने घाईने विचारलं, "म्हणजे... देवळाचं काय म्हणताय तुम्ही?"

"लालबागच्या पोराला विचारा, तो सांगेल देऊळ कुठे आहे," अच्युतराव म्हणाले. "देऊळ कधी हरवलं होतं, की सापडल्यावर तुम्ही 'कुठं' विचारलंत? फौजदारसाहेब पाच मिनिटं देऊळ ऐकत होते. मी टेंपल म्हटल्यावर त्यांना देऊळच दिसलं. तुम्हांला दिसली ती टाकून दिलेली वस्तू."

"मी गिरणीत आहे. टेंपल म्हणजे मला मागावरचाच आठवणार."

"तेच मला तुमच्या तोंडून हवं होतं." अच्युतरावांचा आवाज चढला नाही. "आज आठवला. मग त्या गुरुवारी कांताबाईंच्या खोलीत का नाही आठवला? एक साचेवाला डोकं फुटून घरी येतो, काय लागलं विचारल्यावर टेंपल म्हणतो. त्या खोलीत त्याचा अर्थ कळणारं एकच माणूस होतं. बाईंना गिरणी माहीत नाही. हवालदाराला शाळेतलं इंग्रजी माहीत. तुम्ही पंचवीस वर्षं दिवसाला दहा टेंपल काढता आणि घालता. हवालदार देऊळ म्हणाला, आणि तुम्ही म्हणालात, 'होय, देऊळच.' नुसतं म्हणाला नाहीत, दुसऱ्या दिवशी ते देऊळ डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष दिलीत. जिथे काही घडलंच नाही तिथे घडताना पाहिलं, असं कोण सांगेल? जिथे घडलं ती जागा ज्याला लपवायची आहे, तोच."

"जातीचा राग म्हणूनही कुणी सांगेल," तावडे म्हणाले.

"सांगेल. म्हणून कापड आणलंय."

आजगावकराने तागा उलगडला. दळवीकडे न बघता तो बोलला. टोचांची दाट ओळ, ओढलेला काठ, विरळ ओळ. बुधवार, साडेतीन. डावा टेंपल काढणारा आणि नंतर जुना लावणारा जॉबर, एकशे चौदाला एकच.

"आणि जगदीश गमरे," अच्युतराव म्हणाले, "त्याला तुम्ही लोकांनी त्या खात्याच्या दारातनं कधी आत घेतलं नाही. टेंपल कसा दिसतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. लवूच्या कानशिलावर टेंपलच्या खिळ्यांची खूण आहे, साहेब. ती उमटवायला आत जाता यायला हवं."

दळवी वर्तमानपत्राच्या गुंडाळीकडे पाहत होता. तिच्यात आजगावकराच्या खणातला टेंपल होता, पण हे त्याला माहीत नव्हतं.

"तळं उपसल्याशिवाय कसा सापडला?" तो शेवटी म्हणाला.

तावडे उभे राहिले आणि त्यांनी दार लावलं.

पुढे तो थांबला नाही. पाळी सुटत होती, खिळे झिजले म्हणून त्याने एकशे चौदाचा डावा टेंपल काढला होता. लवू त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, उद्या गेटवर सगळ्यांसमोर तुझं नाव घेतो, पाच घरांच्या चुली तू विझवल्यास. मागांच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. हातात होतं ते बसलं. लवू पडला, उठला, फडकं बांधून चालू लागला. दळवीला वाटलं, वाचला. संध्याकाळी निरोप आला, तेव्हा त्याने टेंपल गिरणीच्या तळ्यात टाकला.

दार उघडलं तेव्हा कांता उभी होती. तिने दळवीकडे पाहिलं. मग पायातली चप्पल काढून तिने ती त्याच्या तोंडावर फेकली. हवालदाराने तिला धरलं. जाईबाई बाकावरून उठल्या नाहीत.

६

तळं उपसायला चार दिवस लागले. जगदीश अटकेच्या तेराव्या दिवशी सुटला. तोवर गिरणीने गैरहजर म्हणून त्याचं नाव कमी केलं होतं. चाळीतल्या लोकांना दळवीने मारलं हे पटलं, पण गमऱ्यांशी बोलायला कुणी आलं नाही. नळावर जाईबाई गेल्या की बायका कळश्या घेऊन बाजूला होत. एवढं मात्र झालं की लाथ घालायला कुणी पुढे येत नव्हतं.

रविवारी दुपारी अच्युतराव करी रोडला गेले. खोलीत बुद्धाची तसबीर, एक खाट, दोन पत्र्याच्या पेट्या. त्यांना बसा म्हणायला जगदीशने थोडा वेळ घेतला.

"कामावर परत घेण्यासाठी अर्ज करायला हवा," अच्युतराव म्हणाले. "मी लिहून देतो. मॅनेजर माझं इंग्रजी वाचून—"

"इंग्रजी नको."

"तिथे इंग्रजीच चालतं रे."

"त्यांना चालू दे. मराठीत लिहा. सही माझी आहे. त्यात काय लिहिलंय ते मला आधी वाचायचंय."

अच्युतरावांनी खिशातून पेन काढलं आणि पेटीवर कागद ठेवून लिहायला सुरुवात केली. जगदीश त्यांच्या खांद्यामागे उभा राहून ओळ न् ओळ वाचत होता. जाईबाई स्टोव्हपाशी बसून दोघांकडे पाहत होत्या. तिसऱ्या ओळीवर जगदीशने बोट ठेवलं.

"हा शब्द बदला."

"कुठला?"

"विनंती. तिथे मागणी लिहा."

अच्युतरावांनी त्याच्याकडे पाहिलं. मग 'विनंती' खोडून त्यांनी वर 'मागणी' लिहिलं, आणि ते बरोबर बसतंय का, हे पाहण्यासाठी सगळं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं.